चवपारख आणि मशीन लर्निंग (बेळगाव सीमाभाग)

खाद्यपदार्थ, पेये, साबण, अगरबत्ती अशा वस्तूंची चव, वास, रंग, स्पर्श माणसांकडून ठरावीक पद्धतीने तपासून घेणे म्हणजे संवेदी चाचणी, अर्थात शिस्तीत केलेली पारख. गिऱ्हाइकाला काय आवडते आणि का आवडते, याचा शोध म्हणजे ग्राहक-संशोधन. या दोन्हींत मिळालेले गुण आणि प्रयोगशाळेतली मोजमापे एकत्र करून संगणकाला त्यांतील संबंध शिकवतात. हेच मशीन लर्निंग, आणि शिकून तयार झालेला गणिती साचा म्हणजे मॉडेल. मग न चाखलेल्या नमुन्याला लोक किती गुण देतील, याचा अंदाज ते बांधते. कुंदा, गूळ आणि संकेश्वरी मिरची यांच्या बेळगाव जिल्ह्यात ही पद्धत लावायची, तर गणिताइतकीच भाषेचीही तयारी लागते.

पारखीचे जुने पाये अजून टिकून आहेत. त्रिकोण चाचणीत तीन नमुने देतात. त्यांतले दोन सारखे असतात आणि वेगळा ओळखायचा असतो. नुसत्या अंदाजाने तो सरासरी तिनांतून एकदा बरोबर येतोच, म्हणून निकाल त्याहून बराच वर असावा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकी लष्कराच्या शिकागोतील अन्नसंशोधन केंद्रात डेव्हिड पेरियम व सहकाऱ्यांनी आवडीची ९ पायऱ्यांची पट्टी घडवली. ‘अतिशय नावडले’पासून ‘अतिशय आवडले’पर्यंत जाणारी ही पट्टी आज जगभर वापरली जाते.

संगणकाची जोड मिळाल्याची दोन उदाहरणे ठळक आहेत. पोर्तुगालमधील पाउलो कोर्तेझ व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये विन्यो व्हेर्दे वाइनच्या ४,८९८ पांढऱ्या आणि १,५९९ लाल नमुन्यांची ११ रासायनिक मोजमापे घेऊन जाणकारांनी दिलेल्या गुणांचा अंदाज बांधला. २०२४ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी २५० बिअर, त्यांचे दोनशेहून अधिक रासायनिक गुणधर्म, प्रशिक्षित चमूची पारख आणि १,८०,००० हून अधिक ग्राहक-अभिप्राय एकत्र केले. मॉडेलने महत्त्वाची ठरवलेली द्रव्ये बिअरमध्ये प्रत्यक्ष मिसळून त्यांनी ती पुन्हा चमूला चाखायला दिली. ही शेवटची पायरी फार मोलाची आहे आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी गाळली जाते.

ती का मोलाची, हे गुळावरून कळते. ऊसपट्ट्यातला गूळ गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी घेते. पिवळाधमक दिसला की हात पुढे होतो. आवडीचे गुण आणि रंगाचे आकडे मॉडेलपुढे ठेवले, तर ते सांगणार : रंग उजळ करा. पण काही गुऱ्हाळांत हा उजळपणा हायड्रॉस पावडर (रंग उडवणारे रसायन) टाकून आणलेला असतो. रंग आणि आवड सोबत चालतात एवढेच मॉडेलला दिसते. रंग कुठून आला हे त्याला माहीत नसते. एकाच उसाच्या रसाच्या दोन काहिली लावाव्यात, एकीत मळी काढायला रानभेंडीचा चीक घालावा, दुसरीत हायड्रॉस, आणि दोन्ही गूळ एकदा लाल दिव्याखाली, एकदा उजेडात चाखायला द्यावेत. लाल उजेडात रंगाचा फरक दबतो आणि जिभेचे मत वेगळे काढता येते. एवढे केल्याशिवाय गुऱ्हाळवाल्याला सल्ला देणे अन्यायाचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

दुसरा धोका हिशेबाचा आहे. समजा, १२ हलवायांचा कुंदा ६० जणांना चाखायला दिला. द्रोणांवर तीन आकडी क्रमांक आहेत, क्रम प्रत्येकाला वेगळा आहे, कारण पहिल्या घासाला गुण जास्त पडतात. खवा किती आटवला, रंग किती तपकिरी, दाणा किती रवाळ, वेलदोडा किती, हे सगळे मोजले. हाती ७२० ओळी आल्या. त्यांतल्या काही ओळी कशाही निवडून बाजूला काढल्या, उरलेल्यांवर मॉडेल शिकवले आणि बाजूच्या ओळींवर तपासले, तर ते छान पास होते. कारण बाजूला काढलेला कुंदा त्याने दुसऱ्या कोणाच्या ओळीत आधीच पाहिलेला असतो. ओळी ७२० असल्या तरी कुंदे १२च. म्हणून दर खेपेला एक हलवाई पूर्ण वगळून त्याच्या कुंद्याचा अंदाज मागायचा. मग मॉडेलचे गुण कोसळतात, पण खरी पत तीच असते.

आता माणसांकडे. पाहुण्याने पुढ्यात आलेल्या पदार्थाला नाव ठेवायची आपल्याकडे रीत नाही. ‘कसं हाय ओ?’ म्हटले की ‘चांगलं हाय की’ हे उत्तर ठरलेले. सगळ्यांनी ९ पैकी ७ आणि ८ दिले की मॉडेलला शिकायला काही उरत नाही. त्यासाठी गुण मागण्याऐवजी नमुने आवडीप्रमाणे ओळीने लावायला सांगतात, आणि विचारणारा माणूस बनवणाऱ्याच्या ओळखीचा नसेल हे पाहतात.

शब्दांचा प्रश्न याहून खोल आहे. खमंग, खरपूस, खुसखुशीत, रवाळ, खवट, कुबट : यांतला प्रत्येक शब्द एक मोजमाप आहे. भाजणीला खमंगपणा येतो तो क्षण आणि ती करपते तो क्षण यांत फार अंतर नसते, आणि स्वयंपाकघरातली बाई ते नाकाने सांगते. अभिप्राय इंग्रजीत उतरवून मॉडेलला दिले, की खमंग आणि खरपूस दोन्ही ‘भाजलेले’ होऊन बसतात आणि कामाचा फरक तिथेच गळतो. मराठी अभिप्राय मराठीतच आणि कन्नड अभिप्राय कन्नडमध्येच ठेवून शिकवले पाहिजेत.

दोन्ही भाषांचे कागद एका ढिगात टाकले तर काय होते, हे मिरचीच्या चटणीवर दिसते. ‘खार जास्त’ असा शेरा आला. कन्नडमध्ये ‘खार’ म्हणजे तिखट. मराठी माणसाला तो शब्द खारटपणाकडे नेतो. एकाची तक्रार मिरचीची, दुसऱ्याची मिठाची, आणि मॉडेल दोन्ही एकाच खात्यात जमा करते. म्हणून चमू तयार करताना आधी सगळ्यांपुढे दोन पेले ठेवतात, एक मिठाच्या पाण्याचा, एक मिरचीच्या पाण्याचा. तिखट पेल्यानंतर जीभ निवायला साधे पाणी पुरत नाही, घोटभर दूध द्यावे लागते. दोन्ही पेले चाखून झाले, की कोणता शब्द कोणत्या पेल्याचा, हे त्या दिवसापुरते ठरवून फळ्यावर दोन्ही लिप्यांत लिहितात.