हेडस्पेस (रायफल)

रायफलचा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) बंद केल्यावर त्याच्या दर्शनी भागापासून चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाशी काडतुसासाठी असलेल्या पोकळीत, काडतूस जिथे अडते त्या जागेपर्यंतचे अंतर म्हणजे हेडस्पेस. हे माप एकट्या बॅरलचे नसते. बॅरल (नळी), रिसिव्हर (बॅरल आणि बोल्ट ज्यात बसतात तो सांगाडा) आणि बोल्ट एकत्र बसले की ते तयार होते. त्यामुळे एका रायफलवर अचूक बसलेली बॅरल त्याच मॉडेलच्या दुसऱ्या रायफलवर चढवली, तरी माप नव्याने घ्यावे लागते. नुसता बोल्ट बदलला तरी तेच.

काडतूस कुठे अडते हे त्याच्या घडणीवर ठरते. पॉइंट २२ लाँग रायफल किंवा .३०३ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कडा असते. ती कडाच बॅरलच्या मागच्या तोंडाशी टेकते. .३०८ विंचेस्टरसारख्या कडा नसलेल्या काडतुसात हे काम निमुळत्या मानेखालचा खांदा करतो, आणि माप खांद्याच्या उतारावर जिथे व्यास ०.४०० इंच भरतो त्या रेषेपर्यंत धरतात. .३७५ मॅग्नमला बुडाजवळ पट्टा असतो, तर ९ मिमी पिस्तुलाचे सरळ काडतूस केसच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीच्या, तोंडावर अडते.

हेडस्पेस कमी पडले तर बोल्ट पुरता बंद होत नाही. त्रास होतो, पण तो लगेच कळतो. जास्त झाले तर मात्र रायफल वरकरणी ठीक चालते आणि खरा धोका तिथेच आहे. फायरिंग पिनच्या (काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या सुईच्या) ठोक्याने काडतूस पुढे ढकलले जाते. दारू पेटताच पितळी केसची पातळ भिंत फुगून चेंबरला घट्ट धरते, पण जाड बूड मात्र दाबाने मागे, बोल्टवर जाऊन आदळते. या ओढाताणीत बुडाच्या किंचित पुढे पितळ ताणले जाते. झाडलेल्या केसवर तिथे उजळ, बारीक कडे उमटलेले दिसले, तर पितळ आतून पातळ होत चालले आहे असे समजावे. पुढची पायरी म्हणजे केसचे दोन तुकडे: बूड बोल्टबरोबर बाहेर, उरलेली नळी चेंबरमध्ये अडकलेली, आणि तापलेला वायू नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने. तीच केस पुन्हा भरून वापरणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण ताण दरवेळी साठत जातो.

तपासणी गेजने, म्हणजे ठरलेल्या मापाच्या पोलादी तुकड्याने, होते. लालबाग-परळच्या गिरण्यांत काम केलेल्या फिटरांना किंवा आयटीआयच्या पोरांना गो आणि नो-गो गेज नवे नाहीत. तेच तत्त्व इथे काडतुसाच्या आकारात येते. .३०८ साठी गो गेज १.६३० इंचाचा, नो-गो १.६३४ चा. गो वर बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गो वर होता कामा नये. दोहोंत फरक ४ थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.१ मिलिमीटर. वापरून झिजलेल्या रायफलसाठी तिसरा, फील्ड गेज असतो (१.६३८). त्यावरही बोल्ट बंद झाला तर रायफल बाजूला ठेवायची. गेज घालण्याआधी चेंबर पुसून घेतात, बोल्टमधून एक्स्ट्रॅक्टर (केस ओढून काढणारा आकडा) आणि इजेक्टर (ती बाहेर फेकणारा भाग) काढतात आणि हँडल दोन बोटांनीच दाबतात. जोर लावला की पोलादी गेजसुद्धा खोटे सांगतो. गेजऐवजी जिवंत काडतूस घालून अंदाज घेणे हा निव्वळ अडाणीपणा.

नवी बॅरल बसवताना माप जुळवण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. जुन्या रीतीत बॅरलला खांदा असतो आणि तो रिसिव्हरवर कसून टेकतो. चेंबर मुद्दाम थोडे उथळ ठेवलेले असते आणि फिनिशिंग रीमर (भोक कोरून मापाला आणणारे हत्यार) हाताने फिरवून, दर थोड्या वेळाने गेज घालून, ते खोल करत नेतात. उथळ चेंबर खोल करता येते, खोल झालेले परत उथळ होत नाही. जास्त खोल गेले तर बॅरल लेथवर चढवून खांदा मागे घ्यावा लागतो. बॅरल शेवटी आवळली की खांदा किंचित दबतो आणि एखाद-दोन थाऊ कमी होतात, हेही जाणता कारागीर आधीच धरून चालतो. दुसरी रीत सॅव्हेज रायफलींची. त्यांत बॅरलवर नट असतो. गो गेज आत ठेवून, बोल्ट बंद करून बॅरल टेकेपर्यंत फिरवायची आणि नट आवळायचा. सोपे वाटते, पण आटे इंचाला २० आहेत, म्हणजे पूर्ण फेऱ्याला ५० थाऊ. गो आणि नो-गोमधले ते ४ थाऊ जेमतेम २९ अंशांत संपतात. नट आवळताना बॅरल थोडी सोबत फिरली तरी माप हलते, म्हणून आवळल्यावर दोन्ही गेज पुन्हा घालायचेच.

लष्करी रायफलींनी वेगळी वाट काढली. ली-एन्फील्ड नंबर ४ मध्ये बोल्टचे डोके सुटे, ० ते ३ क्रमांकांचे. क्रमांक वाढला की डोके साधारण ३ थाऊंनी लांब. ७.६२ मिमी एसएलआरच्या (सेल्फ-लोडिंग रायफलच्या) घराण्यात रिसिव्हरमधला लॉकिंग शोल्डर, म्हणजे बोल्टला मागून अडवणारा तुकडा, वेगवेगळ्या मापांत मिळतो. मुंबईकराला ली-एन्फील्ड ठाऊक असते ती पोलिसांची ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर रेल्वे पोलिसांच्या हाती तीच होती. तिचे चेंबर खांद्याशी बरेच ऐसपैस असते. माप कडेवर धरलेले असल्याने गेज पास होतो आणि तरीही केस पुढच्या भागात ताणली जाते.

मुंबईतल्या बहुतेक नेमबाजांची सुरुवात १० मीटर एअर रायफलने होते. तिथे काडतूसच नसल्याने हेडस्पेस हा विषयच येत नाही. तो येतो पॉइंट २२ वर, म्हणजे ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, ज्यात कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवले. पॉइंट २२ मध्ये प्रायमरचा, म्हणजे ठोक्याने पेटून दारू पेटवणारा, मसाला कडेतच भरलेला असतो. फायरिंग पिन ती कडा बॅरलच्या तोंडावर चिरडते, म्हणून जागा ढिली असली की ठोका दबतो आणि कधीकधी गोळी उडतच नाही.

लेथ साकीनाक्यालाही आहे, पण हे काम तिथे नेता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकांच्या निर्मिती-विक्रीप्रमाणेच दुरुस्तीला आणि चाचणीलाही परवाना लागतो; शस्त्र बाळगण्याचा परवाना वेगळा, तो मुंबईत पोलीस आयुक्तालयाकडून मिळतो आणि त्यावर स्वतः बॅरल बदलता येत नाही.