पल्सचा ठेका: घरच्या सीएनसीमागचा इतिहास

सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेलं मशीन आणि जी-कोड म्हणजे त्याला द्यायचे हुकूम. जी-कोडची फाइल उघडली की पुष्कळदा पहिल्या ओळीत नुसतंच टक्क्याचं चिन्ह दिसतं. टेबलावर मावेल एवढं मिलिंग मशीन पहिल्यांदाच कॉम्प्युटरला जोडणारा माणूस ते पाहून थबकतो, पुसून टाकू का असं विचारतो. हे चिन्ह कागदी पंच टेपच्या काळातलं आहे. टेप मागे गुंडाळताना रीडरने कुठे थांबायचं, याची ती खूण. टेप गेली, रीडर गेला, खूण तेवढी राहिली. मोशन कंट्रोल, म्हणजे मशीनची हालचाल सांभाळणारी यंत्रणा, बसवताना आपण जे आकडे भरतो, त्यातले कितीतरी असेच मागून चालत आलेले आहेत. ते का आले हे कळलं की सेटिंगचं पान अंगावर येत नाही.

सुरुवात हेलिकॉप्टरच्या पात्यांपासून झाली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स पाती बनवत होते. पात्याच्या वक्र आकाराचा फर्मा अचूक कापणं ही त्यांची अडचण होती. त्यांच्याकडचे इंजिनिअर फ्रँक स्टुलेन यांनी पंच-कार्डाच्या यंत्रावर त्या वक्ररेषेवरचे २०० बिंदू काढले. मग मशीनपाशी एक जण आकडे मोठ्याने वाचायचा, दुसरा एक्स अक्षाचं हँडल फिरवायचा, तिसरा वाय अक्षाचं. प्रत्येक बिंदूवर कटर खाली उतरवायचा आणि मधे उरलेले कंगोरे नंतर घासून काढायचे.

माझ्या मते पुढचा सगळा इतिहास या तीन माणसांतच आहे. वाचणारा कोण, हँडल फिरवणारा कोण आणि दोघांच्या हातांचा ठेका धरणारा कोण, एवढंच दर पिढीत बदलत गेलं.

१९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाने या कल्पनेला पैसा दिला, काम एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेकडे गेलं आणि १९५२ मध्ये सिनसिनाटी कंपनीचं हायड्रो-टेल मिलिंग मशीन पंच टेपवरून तीन अक्षांत चालवून दाखवण्यात आलं. कंट्रोलचं कपाट व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेलं होतं. पुढे आरएस-२७४ हे मशीनच्या हुकमांचं मानक आलं, १९८० च्या सुमाराला त्याची ‘डी’ आवृत्ती पक्की झाली आणि आजचा जी-कोड तिथूनच उतरला. प्रत्येक कंट्रोल बनवणाऱ्याने त्यात आपली बोली मिसळली, म्हणून एका मशीनची फाइल दुसऱ्यावर आजही डोळे झाकून चालवू नये.

१९५२ च्या त्या मशीनमध्ये एक गोष्ट होती, जी छंदी कारागिराला पुढची अनेक वर्षं परवडली नाही: टेबल खरंच कुठे पोहोचलं ते उलट कळवणारी सोय. त्याने तिच्याऐवजी स्टेपर मोटर घेतली. एका पल्सला, म्हणजे विजेच्या एका ठोक्याला, १.८ अंश, २०० पल्समध्ये एक फेरा. मोजून पल्स द्यायचे आणि मोटर तेवढीच फिरली यावर विश्वास ठेवायचा. पल्स द्यायला प्रिंटरचा पॅरलल पोर्ट आयताच हाताशी होता. पंचवीस पिना, त्यात बाहेर जाणाऱ्या १२ तारा आणि आत येणाऱ्या ५. स्टेपची एक तार, दिशेची एक, असे आठ डेटा तारांत चार अक्ष बसायचे.

खरी मेख वेळेची होती. टेबल सरकवणाऱ्या स्क्रूची चाल फेऱ्याला ५ मिमी आणि ड्रायव्हरवर, म्हणजे मोटरला वीज देणाऱ्या बोर्डावर, आठपट मायक्रोस्टेप (एका स्टेपचे आठ तुकडे) असेल, तर एका फेऱ्याला १६०० पल्स, म्हणजे मिलिमीटरला ३२०. फीड, म्हणजे कटर सरकण्याचा वेग, मिनिटाला १५०० मिमी हवा असेल तर सेकंदाला ८००० पल्स लागतात, दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक. कॉम्प्युटर मात्र मधेच स्क्रीन रंगवायला किंवा डिस्क वाचायला जातो. तेवढ्यात पल्स उशिरा पडला की रोटर मागे राहतो, स्टेप सुटते आणि कंट्रोलला त्याचा पत्ताही नसतो. माझ्याकडे मोटरचा एकसुरी गुंजारव मधेच अडखळायचा आणि जॉब मिलिमीटरभर सरकायचा. मी कितीतरी दिवस कपलिंग आणि नट तपासत बसलो होतो. दोष लोखंडात नव्हताच.

डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर एका वेळी एकच प्रोग्राम मशीनचा मालक असायचा, म्हणून छंदी मंडळी डॉसला बराच काळ चिकटून राहिली. मग दोन वाटा फुटल्या. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने १९९० च्या दशकात ईएमसी नावाचा कंट्रोलर लिहिला. सरकारी काम असल्यामुळे तो सर्वांना खुला होता. रिअल-टाइम, म्हणजे काम वेळच्या वेळी करण्याची हमी देणाऱ्या, लिनक्सवर तो वाढला आणि नावावर ट्रेडमार्कची हरकत आल्यावर लिनक्ससीएनसी झाला. दुसरी वाट आर्ट फेनर्टी यांच्या माक या प्रोग्रामची. तिचं मूळही ईएमसीच्याच कोडमध्ये होतं. माक३ ने विंडोजच्या पोटात स्वतःचा ड्रायव्हर प्रोग्राम घालून ठेका धरला. लिनक्ससीएनसी बसवताना लेटन्सी टेस्ट, म्हणजे उशीर मोजण्याची चाचणी, चालू ठेवून स्क्रीनवरच्या खिडक्या इकडेतिकडे ओढायला सांगतात, ते उगाच नाही. कॉम्प्युटर सगळ्यात जास्त गुंतलेला असताना पल्सला किती उशीर होतो, तेच पाहायचं असतं.

पुढे पॅरलल पोर्टच नाहीसे होत गेले. २००९ मध्ये सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी ग्रबल हा चिपवरच चालणारा कंट्रोल प्रोग्राम लिहिला आणि २०११ पासून संगउन जॉन यांनी तो पुढे नेला. आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावरची १६ मेगाहर्ट्झची चिप, स्मृती अवघी २ किलोबाइट, तरी सेकंदाला ३०,००० पल्स. तिला दुसरं कामच नाही, हेच तिचं बळ. कॉम्प्युटर आता फक्त ओळी वाचून दाखवतो. चिप पुढच्या काही हालचाली आधीच जवळ ठेवते, त्यामुळे वाचणारा थोडा रेंगाळला तरी चालतं आणि कोपऱ्यावर वेग किती उतरवायचा हेही तिला आधी ठरवता येतं.

ग्रबलच्या सेटिंगच्या पानावर डॉलर १०० मध्ये एक्सचे मिलिमीटरला पल्स, ११० मध्ये कमाल वेग, १२० मध्ये प्रवेग. पहिला आकडा लोक मन लावून मोजतात, तिसरा कुठूनतरी उचलतात. स्टेपरचा जोर वेगाबरोबर घटतो, त्यामुळे जास्तीच्या प्रवेगानेच सगळ्यात जास्त स्टेप सुटतात.

आता मोटर खरंच किती फिरली ते कळवणारा एन्कोडर पाठीला लावलेले क्लोज्ड-लूप स्टेपर छंदी मशीनवरही आले आहेत. १९५२ ची सोय परत आली, पण अर्धीच. एन्कोडरचा निरोप बहुतेक वेळा ड्रायव्हरपर्यंतच पोहोचतो. मोटर अडकली की ड्रायव्हर अलार्मच्या तारेवर इशारा देतो. ती तार कंट्रोलच्या इनपुटला जोडलेली नसेल, तर एक अक्ष थांबतो आणि दुसरा कटर घेऊन पुढे चालत राहतो.