सोडा (खानदेशातील वापर, धोके व हाताळणी)

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या किराणा दुकानांत ‘सोडा’ या एकाच नावाने सोडियमची निरनिराळी संयुगे मिळतात, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. खाण्याचा सोडा (बायकार्बोनेट) सौम्य असून त्याच्या द्रावणाचा सामू (पीएच; ७ च्या जितका वर, तितका क्षार तीव्र) ८ च्या थोडा वर असतो. धुण्याचा सोडा (कार्बोनेट) ११ च्या आसपास. तो डोळ्यांना झोंबतो. कॉस्टिक सोडा (हायड्रॉक्साइड) १३-१४, तो मांस जाळतो.

उन्हाळ्यात बिबडे (ज्वारीचे पापड) व उडदाच्या पापडांत पडणारा पापडखार पहिल्या दोघांच्याच कुळातला. तरीही तो संपला म्हणून धुण्याचा सोडा वापरू नये. तो खाण्यायोग्य शुद्धतेचा नसतो. खार जास्त झाला की पापड तळताना लालसर पडतो आणि साबणासारखा लागतो. रक्तदाब असणाऱ्यांनी मिठाबरोबर खारही मोजावा : ५ ग्रॅम खाण्याच्या सोड्यात सुमारे १.४ ग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २ ग्रॅमपेक्षा कमी आहे.

घरगुती साबणासाठी कॉस्टिक विरघळवताना तो पाण्यात थोडा थोडा टाकावा. कॉस्टिकवर पाणी ओतल्यास ते उकळून अंगावर उडते. ९०० ग्रॅम पाण्यात १०० ग्रॅम कॉस्टिक टाकला तरी तापमान २५ अंशांहून अधिक चढते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी आधीच तापलेले असते, तेव्हा माठातले घ्यावे. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लॅस्टिकचे. ॲल्युमिनियम वा हिंडालियम कॉस्टिकमध्ये विरघळते आणि पेट घेणारा हायड्रोजन सुटतो. रबरी हातमोजे व बंद चष्मा घालावा. घामाने चिकटतात म्हणून मोजे काढले जातात, हीच नेहमीची चूक.

कॉस्टिक अंगावर पडले तर सुरुवातीला दुखत नाही, नुसते बुळबुळीत लागते. तोवर त्वचेतील चरबीचा साबण होत असतो आणि जखम खोल जाते. कोरडे कण आधी झटकावेत, कपडे काढावेत, मग वाहत्या पाण्याखाली किमान २० मिनिटे धरावे. डोळाही तसाच धुवून लगेच दवाखाना गाठावा. लिंबू किंवा व्हिनेगर लावू नये. पोटात गेल्यास उलटी करवू नये; वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते. कॉस्टिक पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरू नये.

सोडियमचेच आणखी एक संयुग असलेल्या हायपोक्लोराइटचे द्रावण (ब्लीच) संडास धुण्याच्या ॲसिडात मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. ब्लीच उन्हात ठेवले तर त्याचा जोर उतरतो, शिवाय आत वायू साठून घट्ट झाकणाचा डबा फुगतो.