गेमिंग संगणकातील शीतन आणि वीजपुरवठा

सुटे भाग निवडून जुळवलेल्या गेमिंग संगणकाला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय आणि त्या विजेची उष्णता बाहेर काढणारे कूलर, पंखे व रेडिएटर यांची निवड. हे भाग वेगवेगळे विकत घेतले जातात, पण हिशेब एकच आहे. संगणकात शिरलेला जवळजवळ प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन बाहेर पडतो. खेळताना ५०० वॅट ओढणारे यंत्र खोलीच्या दृष्टीने ५०० वॅटचा हीटरच. कूलर कितीही महागडा असला तरी तो उष्णता नाहीशी करत नाही. ती चिपपासून उचलून खोलीत सोडतो, एवढेच.

म्हणून निवडीची सुरुवात वॅटच्या आकड्यापासून होते, आणि पहिली फसगतही तिथेच. प्रोसेसरच्या खोक्यावरचा टीडीपी (कूलरने किती उष्णता बाहेर काढावी याचा उत्पादकाने दिलेला अंदाज) हा आकडा तो भाग प्रत्यक्षात किती वीज ओढेल हे सांगतोच असे नाही. इंटेलच्या कोअर आय९-१४९००के या प्रोसेसरची मूळ पातळी १२५ वॅट, पण कमाल टर्बो (वाढीव वेगाची) पातळी २५३ वॅट. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) १७० वॅटचा म्हणून विकला जाणारा प्रोसेसर २३० वॅटपर्यंत जाऊ शकतो. मात्र खेळ चालू असताना प्रोसेसर सहसा या कमाल पातळीला पोहोचत नाही. विजेचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्ड घेते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० ची मर्यादा ४५० वॅट, तर २०२५ मध्ये आलेल्या ५०९० ची ५७५ वॅट. गंमत अशी, की बहुतेक जण डोके खपवतात ते प्रोसेसरच्या कूलरवर. ग्राफिक्स कार्डाचा कूलर कार्डाबरोबरच येतो, त्यामुळे तो प्रश्न सुटलाच असे वाटते. प्रत्यक्षात त्या कूलरला ताजी हवा मिळणे कॅबिनेटवर अवलंबून असते. पुढची बाजू काचेने बंद केलेले कॅबिनेट दिसायला देखणे असते, पण आतले कार्ड आपणच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढत बसते. जाळीचा दर्शनी भाग असलेले साधे कॅबिनेट अशा वेळी महाग कूलरपेक्षा जास्त उपयोगी पडते.

हवेने थंड करणाऱ्या टॉवर कूलरमध्ये खरे काम हीटपाइप करतात. तांब्याच्या बंद नळीत कमी दाबाखाली थोडेसे पाणी असते. दाब कमी असल्याने ते १०० अंशांच्या बरेच खाली उकळते, वाफ नळीच्या थंड टोकाकडे जाते, तिथे पातळ पत्र्यांना उष्णता देऊन पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतले सच्छिद्र अस्तर ते पाणी दिव्याची वात तेल ओढते तसे परत चिपकडे आणते. पंप नाही, गळती नाही. बिघडलाच तर पंखा, आणि तो बदलता येतो. अडचण आकाराची असते. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा जोडटॉवर कूलर पंख्यासह १६५ मिलिमीटर उंच आहे. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची दिलेली असते, ती आधी पाहावी; रॅमच्या उंच पट्ट्या पंख्याला अडतात का, हेही.

बंद द्रवशीतकात, म्हणजे प्रचलित भाषेत एआयओमध्ये, द्रव केवळ हमाली करतो. उष्णता अखेर हवेतच जाते, फक्त चिपच्या डोक्यावर जाण्याऐवजी रेडिएटरच्या मोठ्या पृष्ठभागावरून. द्रव तापायला काही मिनिटे लागतात, त्यामुळे थोड्या वेळाचा ताण पंख्यांचा आवाज न वाढता झेलला जातो. २४०, २८०, ३६० हे आकडे रेडिएटरवर बसणाऱ्या पंख्यांच्या मिलिमीटरमधील एकूण लांबीचे. सतत २०० वॅटच्या वर जाणाऱ्या प्रोसेसरसाठी ३६० चा विचार रास्त आहे; मधल्या दर्जाच्या प्रोसेसरला तो बहुतांशी शोभेपुरता. बसवताना एक नियम मोडू नये : पंप हा संपूर्ण वळशातला सर्वांत उंच बिंदू असता कामा नये. आत थोडी हवा असतेच आणि ती वर जाते. पंपात अडकली तर तो खडखडतो आणि लवकर झिजतो. रेडिएटर वरच्या बाजूस लावला की हा प्रश्न उद्भवत नाही. नळ्यांतून द्रव वर्षानुवर्षे अगदी संथपणे झिरपून उडून जातो, त्यामुळे एआयओला आयुष्याची मर्यादा असते.

चिप आणि कूलर यांच्यामध्ये लावायच्या थर्मल पेस्टबद्दल वाद पुष्कळ, फरक थोडा. डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या दोन धातूंमध्ये सूक्ष्म खळगे असतात व त्यांत हवा राहते. हवेची उष्णतावाहकता तांब्याच्या तुलनेत हजारो पटींनी कमी असल्याने ती पेस्टने हटवणे महत्त्वाचे. कोणत्या आकारात लावली हे दुय्यम. गॅलियमयुक्त द्रवधातू अधिक कार्यक्षम असतो, पण तो विद्युतवाहक आहे आणि अ‍ॅल्युमिनियम पोखरतो. कूलरच्या तळाची प्लॅस्टिक फिल्म न काढताच तो बसवणे ही मात्र आजही नेमाने होणारी चूक.

पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा साधारण दुप्पट वाहते, पण त्यासाठी आठपट शक्ती लागते आणि आवाज खूपच वाढतो. त्यामुळे एका सुसाट पंख्यापेक्षा दोन संथ पंखे बरे, आणि जागा असेल तर १२० पेक्षा १४० मिलिमीटरचे. पुढून आत, मागून व वरून बाहेर हा प्रवाह बहुतेक कॅबिनेटना मानवतो. आत येणारी हवा किंचित जास्त ठेवली तर धूळ फटींऐवजी गाळणीतून येते.

तापमानाचा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नेहमी नसते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील अनेक प्रोसेसर ९५ अंश सेल्सिअसपर्यंत जाऊन तिथेच काम करत राहतील, असेच घडवलेले आहेत. त्रास होत असेल तर ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा थोडी खाली आणणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. शेवटच्या काही टक्के वेगासाठी कार्ड बरीच जास्त वीज खाते.

पॉवर सप्लाय भिंतीतील प्रत्यावर्ती प्रवाहाचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करतो. आजचा जवळपास सगळा भार १२ व्होल्टवर असतो. क्षमता ठरवताना प्रोसेसरची कमाल पातळी, कार्डाची मर्यादा आणि बाकी भागांसाठी ७५ ते १०० वॅट यांची बेरीज करावी. १६२ वॅटचा प्रोसेसर, ३२० वॅटचे कार्ड आणि इतर ८० वॅट मिळून ५६२ होतात. इथे ७५० वॅटचा पॉवर सप्लाय योग्य. मोठा सप्लाय नेहमी जास्त वीज खातो हा गैरसमज आहे, तो मागणीपुरतीच देतो. वरची जागा लागते ती क्षणिक उसळीसाठी. काही मिलिसेकंद कार्ड आपल्या मर्यादेच्या कितीतरी वर जाते, आणि सप्लाय कच्चा असेल तर ऐन खेळात संगणक बंद पडतो. म्हणूनच पॉवर सप्लायसाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकाने, ग्राफिक्स कार्डाला वीज देणाऱ्या नव्या १६ पिनांच्या जोडणीसह येणाऱ्या सप्लायने १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसावा अशी अट घातली.

‘८० प्लस’ हे २००४ पासूनचे प्रमाणपत्र कार्यक्षमतेचे आहे, गुणवत्तेचे नव्हे. ११५ व्होल्टवरील गोल्ड श्रेणीत अर्ध्या भारावर ९० टक्के कार्यक्षमता अपेक्षित असते. म्हणजे ४५० वॅट पुरवताना भिंतीतून ५०० ओढले जातात व ५० वॅट सप्लायलाच तापवतात. संरक्षण मंडले धड चालतात का, व्होल्टेज स्थिर राहते का, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. त्यासाठी उपकरणे लावून केलेली परीक्षणे वाचावीत. पूर्ण संगणकात काटकसर करायची ती सगळ्यात शेवटी इथे.

त्या १६ पिनांच्या जोडणीतून ६०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपिअर सहा तारांतून जातात, एका पिनेवर आठाहून जास्त. आरटीएक्स ४०९० आल्यानंतर अशा जोडण्या वितळल्याच्या तक्रारी आल्या. अर्धवट खोचलेला प्लग हे त्यामागचे एक ठळक कारण होते. सुधारित १२व्ही-२एक्स६ जोडणीत संवेदक (जोडणी झाली का हे कार्डाला कळवणाऱ्या) पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग पूर्ण बसल्याशिवाय कार्ड पूर्ण भार घेऊ नये. केबल प्लगच्या तोंडाशीच वाकवू नये, आणि प्लग शेवटपर्यंत गेला का हे नजरेने तपासावे.

मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-घालता येणारा, पॉवर सप्लाय बदलताना जुन्या केबल तशाच ठेवण्याचा मोह आवरावा. घटकांच्या बाजूची टोके प्रमाणित असतात, सप्लायकडची नसतात. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही पिनांचा क्रम वेगळा असू शकतो. प्लग बेमालूम बसतो, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेल्याने ड्राइव्ह चालू करताक्षणी जळते.