लॉग आणि ट्रेस फाइल्स (वेब सर्व्हर ट्रबलशूटिंग)

वेब सर्व्हिस बंद पडली, स्लो झाली किंवा मधेच एरर द्यायला लागली की सर्व्हरने स्वतःच लिहून ठेवलेल्या फाइल्स वाचून बिघाड शोधायचा, ती ही पद्धत. लॉगमध्ये साधारण एका घटनेची एक ओळ असते, ट्रेसमध्ये एकच रिक्वेस्ट आत कुठून कुठे गेली आणि कुठे किती वेळ अडकली ते दिसतं.

अपाची आणि एनजिनएक्स या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये अॅक्सेस लॉग आणि एरर लॉग असे दोन वेगळे लॉग असतात. अॅक्सेस लॉगमध्ये आयपी, वेळ, रिक्वेस्ट, स्टेटस कोड (रिक्वेस्टचं काय झालं ते सांगणारा आकडा) आणि किती बाइट गेले एवढं मिळतं. 500 (सर्व्हरच्या आत चूक) दिसलं की बरेच जण तिथेच घुटमळतात, पण तो आकडा फक्त बिघडलंय एवढंच सांगतो, खरं कारण एरर लॉगमध्ये नाहीतर अॅप्लिकेशनच्या लॉगमध्ये असतं. आयआयएस (मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर) यात जरा बरं, ते सबस्टेटसपण, म्हणजे कोडच्या पुढचा बारीक आकडा, लिहितं. नुसतं 404 म्हणजे फाइल सापडली नाही, पण 404.13 असेल तर फाइल हरवलेली नाही, रिक्वेस्टच मर्यादेपेक्षा मोठी आहे, मग फोल्डर धुंडाळण्यात काही अर्थ नाही.

आता 504 घ्या, म्हणजे मागून उत्तर वेळेत आलं नाही. एनजिनएक्स मागच्या अॅपच्या उत्तराची डीफॉल्ट 60 सेकंद वाट बघतं आणि मग युजरला 504 देऊन मोकळं होतं, पण अॅपचं काम चालूच राहू शकतं आणि 75 व्या सेकंदाला त्याच्या लॉगमध्ये खुशाल 200 (सगळं नीट) पडतं, त्यामुळे अॅपवाले म्हणतात आमच्याकडे सगळं ओके आहे आणि सर्व्हरवाले म्हणतात अॅपच हळू आहे. दोन्ही लॉग शेजारी ठेवले की भांडण मिटतं. त्यासाठी रिक्वेस्टला लागलेला वेळ लॉगमध्ये हवा आणि अपाची, एनजिनएक्सच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये तो नसतो, आधीच टाकून ठेवावा लागतो.

घड्याळं मात्र जुळायला हवीत. आयआयएसचा डब्ल्यूथ्रीसी फॉरमॅटमधला लॉग यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) वेळ लिहितो आणि अॅपचा लॉग बऱ्याचदा लोकल टाइममध्ये असतो, हे विसरलं तर माणूस भलत्याच तासातल्या ओळी वाचत बसतो. आणि एररचा पूर आला असेल तर शेवटची नाही, पहिली एरर बघायची, बाकीच्या बहुतेक तिच्याच मागून आलेल्या असतात. जावाच्या स्टॅक ट्रेसमध्ये (एरर आली तेव्हा कोड कुठून कुठे गेला त्याची यादी) उलटं, तिथे सगळ्यात खालचं ‘कॉज्ड बाय’ मूळ कारणाच्या जवळ नेतं.

ट्रेसमध्ये आयआयएस 7 पासूनचं फेल्ड रिक्वेस्ट ट्रेसिंग खूप कामाचं, नियमात बसलेल्या प्रत्येक रिक्वेस्टची वेगळी एक्सएमएल फाइल बनते आणि सर्व्हरच्या कुठल्या मॉड्यूलने (भागाने) नकार दिला ते कळतं. अनेक सर्व्हिसेस असतील तर प्रत्येक रिक्वेस्टला एक ट्रेस आयडी देतात. डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या 2020 च्या स्टँडर्डमध्ये तो 32 हेक्स अक्षरांचा (0 ते 9 आणि a ते f) असतो आणि ट्रेसपेरेंट हेडरमधून, म्हणजे रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीतून, पुढे जातो. मधल्या एखाद्या प्रॉक्सीने (रिक्वेस्ट पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरने) हेडर गाळलं की ट्रेस तिथेच तुटतो.

डीबग लेव्हल (सगळे बारीक तपशील लिहिणारी सेटिंग) काम झालं की लगेच बंद करायची, नाहीतर डिस्क भरते आणि पासवर्ड, टोकनसुद्धा लॉगमध्ये जाऊन बसतात. लिनक्सवर मोठी लॉग फाइल नुसती डिलीट करून जागा सुटत नाही, प्रोसेसने ती उघडी धरलेली असते, सर्व्हरला लॉग पुन्हा उघडायला सांगितलं की मगच ती जागा मोकळी होते.