पायऱ्या चाळीस, वाट दोन मिनिटांची

नवरात्रात गडहिंग्लजहून आत्या कोल्हापूरला येते. अंबाबाईचं दर्शन, महाद्वार रोडवर बांगड्या आणि संध्याकाळी रंकाळा तलावावर भेळ, हा तिचा क्रम ठरलेला. गुडघे धरलेत, तरी दर्शनाच्या रांगेत ती न कुरकुरता उभी राहते. रंकाळ्याकाठचा रस्ता ओलांडायची वेळ आली की मात्र थबकते. एका बाजूनं केएमटीची शहर बस, दुसरीकडून वडापच्या जीपा, मधून सुसाट दुचाक्या. माझं मनगट घट्ट धरून ती उभी राहते आणि आम्ही दोघं वाट बघत बसतो.

अशा ठिकाणी ‘पादचारी पूल बांधा’ ही मागणी हमखास होते. माणसं वरून, गाड्या खालून, कुणाचा कुणाला त्रास नाही. मलाही हे पटायचं. मग एकदा पुण्यात आत्याला अशाच एका पुलावरून न्यायला गेलो. जिन्याकडं बघून ती म्हणाली, “आरं, एवढ्या पायऱ्या चढायच्या, आन् परत तेवढ्याच उतरायच्या? त्यापरीस हितनंच जाते की!” तेव्हा तो हट्ट वाटला होता. पुढं आकडेमोड करून पाहिली, तर हिशोब तिचाच बरोबर निघाला.

पुलाखालून उंच ट्रक, बस जायला हवी, म्हणून साधारण साडेपाच मीटर जागा मोकळी सोडतात. त्यात पुलाची स्वतःची जाडी धरली तर पादचाऱ्याला सहा मीटर चढावं लागतं. पायरी १५ सेंटिमीटरची, म्हणजे ४० पायऱ्या. ६० किलो वजनाचा माणूस सहा मीटर वर न्यायला सुमारे ३,५०० ज्यूल ऊर्जा लागते. पण आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेच्या जेमतेम पाव भागाचंच काम करतात, उरलेली उष्णता होऊन जाते. त्यामुळं शरीराला प्रत्यक्षात १४,००० ज्यूल मोजावे लागतात. सपाटीवर तेवढ्याच ऊर्जेत माणूस सत्तरेक मीटर चालतो. समोरचा काठ दिसतोय दहा मीटरवर, आणि नुसत्या चढण्यातच सत्तर मीटरची दमणूक! उतरताना ऊर्जा कमी लागते, पण गुडघ्यांवर खरा ताण तेव्हाच येतो. नऊवारी नेसलेल्या, कडेवर नातवंड आणि हातात प्रसादाची पिशवी असलेल्या बाईचा विचार आकृती काढताना कुणीतरी करायला हवा.

ब्रिटनमध्ये मूर आणि ओल्डर या संशोधकांनी १९६५ मध्ये माणसं पूल वापरतात का, हे तपासलं. पुलावरून जायला आणि रस्त्यावरून जायला सारखाच वेळ लागत असेल, तर जवळजवळ सगळे, सुमारे ९५ टक्के लोक पूल घेतात. पुलावरून दीडपट वेळ लागला, तर जवळजवळ कुणीच घेत नाही. याला बेशिस्त म्हणणं मला पटत नाही. पाणी उतारानं वाहतं तशी माणसं कमी वेळेच्या वाटेनं जातात. वांद्र्याला २००८ मध्ये सुरू झालेल्या स्कायवॉकनंतर, म्हणजे रस्त्यावरून उंच नेलेल्या लांब पादचारी पुलानंतर, मुंबईत असे कितीतरी स्कायवॉक उभे राहिले. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी वर शुकशुकाट असतो आणि खाली गर्दी.

पण ‘रस्त्यावरून लागणारा वेळ’ म्हणजे नुसता ओलांडण्याचा वेळ नव्हे. त्याआधी वाट बघावी लागते, आणि खरी गंमत तिथं आहे.

समजा, रस्ता दहा मीटर रुंद आहे आणि आत्या सेकंदाला एक मीटर चालते. म्हणजे तिला दोन वाहनांमध्ये दहा सेकंदांची मोकळी फट हवी. दोन्ही बाजूंनी मिळून मिनिटाला २४ वाहनं जातायत, म्हणजे सरासरी दर अडीच सेकंदाला एक. ती ठरावीक अंतरानं येत नाहीत, कशीही येतात, असं धरलं तर दहा सेकंदांहून मोठी फट शंभरात दोनदाही मिळत नाही. गणितानं काढलेली सरासरी वाट निघते सुमारे दोन मिनिटं.

आता रस्त्याच्या मधोमध फक्त उभं राहण्यापुरता एक ओटा बांधा, दीड-दोन मीटर रुंदीचा. वाहनांची संख्या तीच. पण आता आत्याला एका वेळी एकाच दिशेकडं बघायचंय. त्या दिशेनं सरासरी पाच सेकंदांना एक वाहन येतं, आणि तिला पार करायचेत पाचच मीटर, म्हणजे फट हवी पाच सेकंदांची. तशी फट शंभरात सदतीसदा मिळते. अर्ध्या रस्त्यासाठी सरासरी वाट साडेतीन-चार सेकंद, दोन्ही अर्ध्यांची मिळून सात. दोन मिनिटांवरून सात सेकंदांवर! कुणी ड्रायव्हर मेहेरबान होऊन थांबला, हे यात धरलेलंच नाही.

हा हिशोब पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मी तो तीनदा तपासला. कारण त्यातून आणखी एक गोष्ट निघते. दोन मिनिटं वाट बघावी लागते तोवर एका मिनिटाचा पूल फायद्याचा ठरतो. वाट सात सेकंदांवर आली की पुलाकडं कुणी फिरकणार नाही. म्हणजे पूल चालायचा असेल तर खालचा रस्ता ओलांडायला अवघडच राहायला हवा. पुलाशेजारी मग लोखंडी जाळ्या का लावाव्या लागतात, ते यावरून समजतं.

दुसरा प्रश्न वेगाचा. ताशी ३० किलोमीटर वेगानं येणाऱ्या गाडीसमोर अचानक मूल आलं, ड्रायव्हरला सावध व्हायला एक सेकंद लागला आणि ब्रेक चांगले असले, तर गाडी साधारण १३ मीटरवर थांबते. ताशी ५० असेल तर त्याच १३ मीटरवर ड्रायव्हरचा पाय ब्रेकपर्यंत पोहोचलेलाही नसतो. पहिली गाडी जिथं थांबली, तिथं दुसरी पूर्ण वेगात धडकते. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, त्यामुळं ३० च्या तुलनेत ५० ची धडक पावणेतीन पट जोराची. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत ३२,८२५ पादचारी गेले. पादचाऱ्याला वर उचलून ठेवल्यानं खालचा वेग कमी होत नाही. उलट रस्ता मोकळा मिळाला म्हणून तो वाढतो, आणि पूल टाळून खालून जाणाऱ्याला तोच वेग गाठतो.

मात्र नुसते पांढरे पट्टे मारून भागत नाही, हेही तितकंच खरं. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की अनेक लेनच्या, भरपूर वर्दळीच्या आणि मध्ये ओटा नसलेल्या रस्त्यांवर सिग्नलशिवाय नुसते पट्टे असतील तर अपघात पट्टे नसलेल्या जागेपेक्षा जास्त होतात. पहिली गाडी थांबते, तिच्या आडोशानं पादचारी पुढं येतो आणि शेजारच्या लेनमधल्या दुसऱ्या ड्रायव्हरला तो दिसतच नाही. आपल्याकडं हा आडोसा पट्ट्यांलगत उभी केलेली टेम्पो ट्रॅव्हलर किंवा भेळेची गाडी करते. म्हणून पट्ट्यांच्या अलीकडं-पलीकडं काही मीटर जागा मोकळीच हवी, आणि पट्टे फुटपाथच्या उंचीला उचललेले हवेत. दहा-पंधरा सेंटिमीटरचा हा सपाट उंचवटा पोलीस नसतानाही गाडीचा वेग उतरवतो. आत्याला पायरी उतरावी लागत नाही, व्हीलचेअर सरळ जाते. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शिकेचा कलही जमिनीवरूनच ओलांडण्याकडं आहे.

देवस्थानाच्या गावाला गर्दीची आणखी एक काळजी असते. जिना ही कोणत्याही वाटेतली सगळ्यात चिंचोळी जागा. सपाटीपेक्षा जिन्यावर माणसं हळू सरकतात, आणि एक जण अडखळला की मागचे त्याच्यावर पडतात. २०१७ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर पाऊस आला म्हणून थबकलेल्या गर्दीत वीसहून अधिक माणसं गेली. बिंदू चौकात गाड्या लावून भवानी मंडपाकडं निघालेली नवरात्रातली गर्दी अशा जिन्यावर चढवायची कल्पनाही मला नको वाटते.

पुणे-बेंगळुरू महामार्गाची गोष्ट वेगळी. शिरोली, उचगावच्या बाजूला ऐंशीच्या वेगात ट्रक धावतात, तिथं माणसाला गाड्यांपासून वेगळं काढावंच लागतं. तिथंही मी आधी भुयारी वाटेचा विचार करेन, कारण माणसाच्या डोक्यावर अडीच-तीन मीटर उंची पुरते. म्हणजे चढ-उतार निम्म्यावर येतो, आणि महामार्ग भरावावर असेल तर पायऱ्याच लागत नाहीत. फक्त २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावरच पंचगंगेचं पाणी आलं होतं, तेव्हा पाणी कुठं जाणार याचा हिशोब आधी करावा लागेल.

रंकाळ्यासाठी मला हवाय तो मधला ओटा आणि उचललेले पट्टे. आत्या यंदाही येणार आहे. या वेळी ती रस्ता ओलांडेल तेव्हा मी घड्याळ लावून बघणार आहे: किती सेकंद उभी राहिली, आणि किती सेकंद चालली.