टीसीपी

टीसीपी, म्हणजेच ट्रान्समिशन कंट्रोल प्रोटोकॉल, हा इंटरनेटवरून जाणारी माहिती पूर्ण आणि मूळ क्रमाने पोहोचावी यासाठी दोन्ही टोकांच्या संगणकांनी पाळायचा नियमसंच आहे. व्हिंट सर्फ आणि बॉब कान या अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी १९७४ मध्ये त्याची मांडणी केली. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट हे अमेरिकी जाळे एनसीपी हा जुना नियमसंच सोडून टीसीपी/आयपीवर आले.

यातला आयपी, म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल, फक्त पत्ता पाहून माहितीची पॅकेट, म्हणजे छोटे तुकडे, पुढे ढकलतो. एखादे पॅकेट वाटेत गहाळ झाले, मागेपुढे आले किंवा दोनदा आले, तरी त्याला सोयरसुतक नसते. ही बेफिकिरी मुद्दाम ठेवलेली आहे. त्यामुळे वाटेतले राउटर साधे राहतात आणि निस्तरायचे काम टोकाच्या संगणकांवर, म्हणजे टीसीपीवर पडते.

जोडणी तीन संदेशांत होते: ब्राउझर ‘सिन’ पाठवतो, सर्व्हर ‘सिन-अ‍ॅक’ने उत्तर देतो, ब्राउझर ‘अ‍ॅक’ धाडतो. दोघांची बाइटांची मोजणी कोणत्या आकड्यापासून सुरू होणार, हे यातच ठरते. पुढे प्रत्येक बाइटला क्रमांक असतो. समजा, पहिल्या पॅकेटमध्ये १००१ ते २४६० हे बाइट आले. घेणारा पोच देतो ती २४६१ची, म्हणजे ‘आता इथून पुढचे पाठव’. दुसरे पॅकेट हरवून तिसरे, चौथे, पाचवे आले, तरी दर वेळी पोच २४६१चीच जाते. तीच पोच अशी तीनदा परत आली की पाठवणारा ठरलेली मुदत संपायची वाट न पाहता हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवतो.

पण हरवले की पुन्हा पाठवायचे, एवढ्याने भागत नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. दोन्ही ठिकाणे अगदी शेजारी. तुंबलेल्या मार्गात संगणक त्याच पॅकेटच्या आणखी प्रती ओतत होते. त्याच प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला उपाय असा: सुरुवात थोड्या पॅकेटनी करायची, पोच येत जाईल तसा वेग वाढवायचा आणि पॅकेट हरवले की एकदम आवरता घ्यायचा. पाठवणाऱ्याने आपणहून पाळायचा हा संयम मूळ आराखड्यात नव्हता. आज मात्र टीसीपीचा सर्वांत मोलाचा भाग तोच म्हणावा लागेल.

क्रमाच्या आग्रहाची किंमतही आहे. एक पॅकेट अडले की मागून आलेली सगळी खोळंबतात. म्हणून व्हिडिओ कॉल सहसा यूडीपी या क्रम आणि पोच न पाहणाऱ्या साध्या नियमसंचावर चालतात. २०२१ मध्ये प्रमाणित झालेला क्विक हा नवा नियमसंचही यूडीपीवरच उभा आहे. पोच घेणे आणि गर्दी पाहून वेग आवरणे ही कामे मात्र त्यालाही करावीच लागतात.